न दिसलेला तास

वैजयंता गेल्यावर अकराव्या दिवशी पहाटे पाचला तिच्या फोनवर तिचा व्यायाम आला.

"वैजयंताताई, दहा दिवस विश्रांती झाली. आज हळू सुरुवात करू. सपाटीवर वीस मिनिटं चालणं. मग खुर्चीची पाठ धरून दहा बैठका. दम लागला तर थांबा."

मी तो तीनदा वाचला. पलीकडच्या खोलीत आमची मुलगी ऋतुजा झोपली होती. ती पुण्याहून आली होती आणि तेरावं होईपर्यंत राहणार होती. तिला मी काही सांगितलं नाही. फोन उशीखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

ज्यांच्या गावात ही सोय अजून आली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत बत्तीस वर्षं लेथ चालवली. डॉक्टरकीतलं मला कळत नाही. पण आमच्या भागातल्या व्यायाम केंद्रावरच्या प्राची शेडगेने मला हे इतक्यांदा समजावलंय की आता पाठ झालंय.

दंडाच्या मागच्या बाजूला रुपयाएवढी एक चकती चिकटवतात. लोक तिला टिकली म्हणतात. तिला खालून केसाहून बारीक सुया असतात, टोचलेल्या कळतही नाहीत. कातडीखालच्या पाण्यातली साखर, क्षार, स्नायू दमले की तयार होणारं आम्ल, हे सगळं ती मिनिटामिनिटाला मोजते. हृदयाचे ठोकेही मोजते. त्या आकड्यांवरून केंद्राच्या संगणकात तुमच्या शरीराचं एक जुळं तयार होतं. त्याला चेहरा नाही, आवाज नाही. नुसतं आकड्यांचं हृदय, आकड्यांची फुप्फुसं, आकड्यांचे स्नायू. संगणक रोज त्या जुळ्याकडून दुसऱ्या दिवसाचा व्यायाम हजार तऱ्हांनी करून घेतो. ज्या व्यायामाने जुळं दमतं आणि दुसऱ्या दिवशी थोडी जास्त ताकद घेऊन उठतं, तो तुम्हाला पाठवतो. ज्याने ते कोसळतं, तो पाठवत नाही. जे व्हायचं ते आधी जुळ्याला होतं, तुम्हाला नाही. म्हणून लोकांचा विश्वास बसला.

एकच अट आहे. जुळ्याला सगळं दिसलं पाहिजे. टिकली काढून ठेवलेल्या वेळात तुम्ही आराम करत होता, असं ते धरून चालतं.

आमच्या गल्लीतली साठीची माणसं मात्र टिकली लावायला लागली ती फळ्यामुळे. केंद्राबाहेर एक फळा आहे. नवराबायको दोघांनीही महिनाभर आपापला व्यायाम पुरा केला तर त्यांची नावं फळ्यावर लागतात, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरच्या मारुतीपुढे त्या जोडीने नारळ फोडायचा.

"ब्रह्मचाऱ्यापुढे जोड्या उभ्या करता होय?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणालो.

"त्याला चालतंय," वैजयंता म्हणाली. "तुम्हालाच उठवत नाही. अहो, लग्नपत्रिकेनंतर आपली नावं कुठं एकत्र लागलीत सांगा बरं?"

तिला तो नारळ फोडायचा होता. मला झोपायचं होतं. बत्तीस वर्षं पहिल्या पाळीला पहाटे उठलो होतो, आता उठणार नाही असं मी ठरवलं होतं. गुडघे दुखतात असं सगळ्यांना सांगायचो. तेवढे दुखत नव्हते.

दोन आठवडे मी कसाबसा गेलो. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे ती उठवायला आली तेव्हा मी दंडावरची टिकली उपटली आणि तिच्या हातात दिली. "एवढी हौस आहे तर माझंही तूच कर."

ती हसली. मी कूस बदलली.

साडेसातला तिने चहा आणला तेव्हा चेहरा लाल झाला होता. "अहो, खरंच लावली तुमची टिकली. आधी तुमचा चढ केला, मग येऊन माझा."

"कळलं नाही त्यांना?"

"काय कळतंय त्या यंत्राला. उलट मला म्हणालं, शाब्बास हणमंतराव."

त्या दिवसापासून तसंच सुरू झालं. दोन टिकल्या एका अंगावर लावल्या तर एकमेकींचे आकडे बिघडवतात, म्हणून ती पहाटे स्वतःची काढून चार्जिंगला ठेवायची, माझी लावायची, माझा चढ करायची. घरी येऊन पाणी प्यायची, टिकल्या बदलायची आणि पुन्हा निघायची. माझी टिकली ती माझ्या उशाशी ठेवायची. उठलो की मी लावायचो. माझं जुळं मुळात तयार होतानाच अर्धं तिच्या अंगावर तयार झालं. प्राची एकदा म्हणालीही, "काका, सकाळी तुमचं हृदय अगदी वेगळं चालतं." मी म्हणालो, "सकाळची हवा." ती हसली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

पुढे काय झालं ते आता कळतं. माझ्या जुळ्याला वाटलं, हा माणूस चांगला तयार होतोय. त्याने माझा चढ वाढवला. वैजयंताच्या जुळ्याला वाटलं, ही बाई रोज सकाळी कारण नसताना दमलेली असते. त्याने तिचा व्यायाम कमी केला आणि वर विचारलं, "रात्री झोप होत नाही का? कसली काळजी आहे का?"

तिने लिहिलं, झोप छान झाली.

"खोटं कशाला लिहितेस?" मी म्हणालो.

"मग काय लिहू? नवऱ्याचं करून दमले?"

दोघंही हसलो. तिचा पाच मिनिटांनी कमी व्हायचा आणि माझा दहा मिनिटांनी वाढायचा, आणि करायची दोन्ही तीच.

सप्टेंबर ते मे आम्ही सात नारळ फोडले. ती चालत वर यायची, मी रस्त्याने स्कूटरवर जाऊन वळणाच्या अलीकडे गाडी लावायचो आणि शेवटची शंभर पावलं तिच्याबरोबर चालायचो. शेजारच्या सुरेखा माने सगळ्यांदेखत म्हणायच्या, "इंगवले, रोज किल्ला चढता आणि पोट जागच्या जागी कसं हो?"

"जेवणही वाढलंय ना तेवढंच," मी म्हणायचो. सगळे हसायचे. सगळ्यांत जास्त वैजयंता हसायची.

तीन जूनला ती म्हणाली, "आधी तुमचं उरकते." ते उरकून ती घरी आली, पाणी प्यायली. मी अर्धवट जागा होतो. भांड्याचा आवाज ऐकला. मग स्वतःची टिकली लावून ती पुन्हा गेली. तिसऱ्या वळणावर कठड्याला टेकून बसली. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, दम खातेय. आठला दहा कमी असताना तिच्या टिकलीने केंद्राला कळवलं. मला उठवलं ते मानेबाईंनी, दार वाजवून.

तिचं वय एकोणसाठ होतं.

बाराव्या दिवशी ऋतुजाने तक्रार लिहिली. जेवणाच्या टेबलावर बसून, तोंडाने वाचत लिहिली. "माझ्या आईला तिच्या ताकदीबाहेरचा व्यायाम देण्यात आला. मर्यादा तपासणे हे केंद्रावरील प्रशिक्षिका प्राची शेडगे यांचे काम होते."

"प्राचीचं नाव कशाला?" मी म्हणालो.

"मग कुणाचं घालू पप्पा? यंत्राचं? आई रोज हसत जायची. तिला कुणीतरी जास्त दिलं म्हणूनच गेली ना ती?"

तिने कागद माझ्यापुढे फिरवला. "इथे सही करा."

मी सही केली.

तेरावं झाल्यावर ऋतुजा पुण्याला गेली आणि दोन दिवसांनी प्राची घरी आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोर. वैजयंताने तिला दिवाळीत साडी नेसायला शिकवली होती. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"काका, मला कामावरून थांबवलंय. चौकशी होईपर्यंत. त्याचं काही नाही. मला फक्त एक सांगा. मी सगळे आकडे दहादा पाहिले. काकूंना दिलेला व्यायाम त्यांच्या मर्यादेत होता, अर्ध्यावर होता. मग माझं काय चुकलं? त्यांना घरी काही त्रास व्हायचा का? दम, छातीत दुखणं, काही?"

"नाही," मी म्हणालो.

"तुम्ही घरात बरोबर असायचात ना रोज. तुम्हाला काही दिसलं असेल."

"नाही दिसलं."

ती उठली. दारात म्हणाली, "काकूंचा फोन बंद ठेवा काका. चौकशी चालू आहे तोवर त्यांची फाईल आहे तशी ठेवायचा नियम आहे. त्या सकाळचे आकडे चौकशीसाठी बाजूला काढलेत, त्यामुळे जुळ्याला माहीत नाही. ते व्यायाम पाठवत राहील. तुमचीही टिकली त्या दिवसापासून बंद दिसतेय. लावा हो. बरं वाटेल."

मी फोन बंद ठेवला नाही. उलट रोज रात्री चार्ज करायचो. पहाटे पाचला तो वाजला की मला वाटायचं, घरात अजून कुणीतरी तिची चौकशी करतंय. आज ढग आहेत, घरातच करा. आज पायाला आराम. तिच्याबद्दल चालू काळात बोलणारं तेवढंच उरलं होतं. बाकी सगळे 'होती' म्हणायला लागले होते.

जुलैच्या सुरुवातीला मानेबाई फाटकाशी उभ्या राहिल्या. रागात होत्या, पण आवाज हळू होता. "भावजी, बोलू नये पण बोलते. आमच्या वयाच्या सगळ्या बायकांचा चढ बंद केला केंद्राने. जिल्ह्यात सगळीकडे. म्हणे वैजूताई मर्यादेत असताना गेल्या, म्हणजे मर्यादाच चुकीच्या. आता मला खुर्चीत बसून हात वरखाली करायला सांगतंय. तीन वर्षांत माझी साखर आटोक्यात आली होती. ती पुन्हा वर चाललीय."

"बघू," मी म्हणालो.

"तुम्ही काय बघणार? तुमचं तर काही कमी केलं नसेल. तुम्ही पैलवान."

त्या आठवड्यातच एका पहाटे हे आलं: "वैजयंताताई, ताकद कमी होत चालली आहे. एकट्याने कंटाळा येत असेल तर हणमंतरावांना सोबत घ्या. त्यांची तयारी तुमच्यापेक्षा चांगली आहे. ते तुम्हाला सांभाळून नेतील."

मी उठलो. बूट घातले. तिचा त्या दिवसाचा व्यायाम होता पहिल्या वळणापर्यंत जाऊन परत येणं, सगळ्यांत हलका चढ. मी निघालो. पहिलं वळण दिसायच्या आतच माझ्या पोटऱ्या भरून आल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. रस्त्याच्या कडेला बसलो. दोन पोरी पळत खाली येत होत्या, त्यांनी विचारलं, "आजोबा, बरं वाटत नाही का?" मी हाताने जा म्हटलं. वैजयंता रोज दोनदा हा चढ चढून, तिसऱ्या वळणाच्या पुढे जाऊन, खाली येऊन माझा चहा करायची.

तिथूनच मी प्राचीच्या घरी गेलो. तिच्या आईने दार उघडलं. प्राची ओट्याशी पोळ्या करत होती. मी उभ्यानेच सांगितलं. सगळं. टिकली वैजयंताच्या हातात दिली त्या पहाटेपासून.

प्राचीने गॅस बंद केला. मग म्हणाली, "तुम्हाला विचारलं होतं ना मी काका."

"हो."

"महिनाभर मी रोज रात्री ते आकडे बघत बसतेय. माझं लग्न मोडलं तेव्हा मी एवढी रडले नव्हते."

"हो."

तिची आई आतून बाहेर आली आणि मला म्हणाली, "निघा तुम्ही." प्राची म्हणाली, "थांब आई. त्यांना बसू दे. त्यांचे पाय कापतायत."

ऋतुजाला मी फोनवर सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "कधी आहे चौकशी?" आणि फोन ठेवला.

चौकशी केंद्राच्या वरच्या मजल्यावर झाली. पुण्याहून आलेले एक साहेब, प्राची, ऋतुजा आणि मी. ऋतुजा माझ्या शेजारी बसली नाही. साहेब चांगला माणूस होता. त्याने माझ्यावर आवाज चढवला नाही. त्याने समजावून सांगितलं की माझ्या जुळ्यातला रोजचा पहाटेचा तास कापून काढता येतो, कारण त्या तासाचे ठोके आणि क्षार वैजयंताच्या आकड्यांशी तंतोतंत जुळतात. तो तास तिच्या जुळ्याला जोडायचा, मागच्या सप्टेंबरपासून, आणि जुळं पुन्हा पहिल्यापासून चालवायचं. म्हणजे यंत्राला खरं दिसलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं ते कळेल. मर्यादा बरोबर होत्या की चूक, तेही कळेल.

"एक गोष्ट आधी सांगतो," तो म्हणाला. "आता जे जुळं आहे ते खोट्या आकड्यांवर उभं आहे, म्हणून चालू आहे. खरे आकडे जोडले की ते खरं होईल. खऱ्यात तुमच्या मंडळी गेल्या आहेत. ते एकदा थांबलं की फाईल बंद. ही संमती तुमची लागेल."

"म्हणजे व्यायाम येणार नाही," मी म्हणालो.

साहेबाला कळलं नाही. प्राचीला कळलं. ती म्हणाली, "नाही काका. उद्यापासून नाही येणार."

मी त्या पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यात एक छोटी हिरवी रेघ ठोक्यासारखी वरखाली होत होती. वैजयंता इंगवले, विश्रांतीचे ठोके बासष्ट. घरी झोपलेली असताना मी तिचा हात धरून पाहिला असता तर तेवढेच लागले असते. तसा कधी पाहिला नव्हता.

ऋतुजा समोरून माझ्याकडे बघत होती. मी अंगठा लावला.

नऊ महिने अकरा मिनिटांत गेले. पडद्यावर तारखा सरकत होत्या आणि बाजूला यंत्राने प्रत्येक दिवशी काय सांगितलं असतं ते उमटत होतं. ऑक्टोबर: तुम्ही दिवसातून दोनदा चढ करत आहात, एकदाच करा. डिसेंबर: आठवडाभर पूर्ण आराम. जानेवारी: थकवा भरून निघत नाही, केंद्रावर येऊन भेटा. मग बारा फेब्रुवारी. तिथे अक्षरं लाल झाली. "चढ आजपासून बंद. आजच हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. एकट्या जाऊ नका, घरच्यांना सोबत न्या." तेरा फेब्रुवारीला तेच. चौदाला तेच. त्यानंतर रोज तेच.

एकोणतीस मेला हिरवी रेघ आडवी झाली.

"काकूंनी पाच दिवस जास्त काढले," प्राची म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

साहेबाने कागद केले. प्राचीने दुसऱ्या दिवसापासून कामावर यावं. बायकांच्या मर्यादा पूर्वीसारख्या होतील. तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर ऋतुजाने सही केली, मग मी केली. ऋतुजा प्राचीजवळ गेली आणि म्हणाली, "मी तुमच्याशी फार वाईट वागले." प्राचीने तिचा हात धरला. माझ्याकडे दोघींपैकी कुणी पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

आम्ही दोघं बाहेर आलो. जिना अरुंद होता, ऋतुजा पुढे, मी कठडा धरून मागे. पहिल्या पायरीवर ती थांबली. मागे न वळता म्हणाली, "पप्पा, बारा फेब्रुवारीला सकाळी तुम्ही कुठे होता?"

"घरी."

"काय करत होता?"

मला वाटलं होतं ती ओरडेल. तिचा आवाज अगदी साधा होता, लहानपणी पाढे म्हणायची तसा.

"झोपलो होतो," मी म्हणालो.

ती एक पायरी उतरली. "तेरा फेब्रुवारीला?"

"ऋतुजा..."

"सांगा ना. तेराला?"

"झोपलो होतो."

"चौदाला?"

"झोपलो होतो."

ती एकेक तारीख विचारत एकेक पायरी उतरत गेली आणि मी प्रत्येक पायरीवर उत्तर देत गेलो. मधे एक बाई वर येत होती, ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि आमच्याकडे बघत राहिली. शेवटची पायरी संपली तेव्हा मार्चची दोन तारीख झाली होती. बाहेर ऊन होतं. ऋतुजा रस्त्याला लागली, थांबली नाही, आणि तिने तीन तारीख विचारली. मी तिच्या मागून चालत राहिलो.